सोळा मेगाबिटांत मावलेली मारामारी

या शनिवारी ऑफिस, अप्रेझल, ट्रॅफिक वगैरे नेहमीची रडगाणी बंद. आज एका व्हिडिओ गेमबद्दल लिहिणार आहे. तोही कुठला, तर 'स्ट्रीट फायटर टू'. ज्यांना गेममध्ये काडीचाही रस नाही त्यांनीही जरा थांबा, कारण ही गोष्ट खेळण्यापेक्षा सामान आवरण्याची जास्त आहे. समजा, तीन खोल्यांचं घर सोडून एका खोलीत राहायला जायचंय. आणि अट अशी, की आलेल्या पाहुण्याला वाटलं पाहिजे की हे तेच घर! काय बरोबर घ्याल, काय टाकून द्याल?

ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीतल्या मंडळींपुढे १९९२ च्या आसपास नेमका हाच प्रश्न होता. गेम पार्लरमधल्या मोठ्या यंत्रात 'स्ट्रीट फायटर टू'च्या नुसत्या चित्रांनाच ४८ मेगाबिट, म्हणजे ६ मेगाबाइट जागा लागत होती. घरच्या सुपर फॅमिकॉम कन्सोलसाठी जे कार्ट्रिज ठरलं त्यात जागा होती १६ मेगाबिट, म्हणजे २ मेगाबाइट. त्यात चित्रं, आवाज, संगीत, प्रोग्रॅम, सगळं आलं. (तुमच्या फोनमधला कालच्या मिसळीचा फोटो यापेक्षा मोठा असेल!)

त्यांनी ते बसवलं. कसं बसवलं ते सांगण्याआधी, मुळात बसवायचं काय होतं ते बघू.

गोष्ट सुरू होते १९८७ मध्ये. ताकाशी निशियामा आणि हिरोशी मात्सुमोतो या दोघांनी कॅपकॉमसाठी पहिला 'स्ट्रीट फायटर' केला. त्याच्या एका यंत्राला बटणांऐवजी दोन जाड रबरी गाद्या होत्या. तुम्ही जितक्या जोरात ठोसा हाणाल, तितक्या जोरात पडद्यावरचा गडी मारणार. कल्पना झकास, पण खेळणाऱ्याचे हात खरे होते ना! दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात मग गाद्यांऐवजी सहा बटणं आली. हलका, मध्यम आणि जोरदार असे तीन ठोसे, आणि तशाच तीन लाथा. ही सहा बटणं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

त्या गेममध्ये हातातून ऊर्जेचा गोळा सोडायची करामतही होती, पण ती जमणं म्हणजे लॉटरी लागणं. गेम बरा चालला. निशियामा आणि मात्सुमोतो कॅपकॉम सोडून प्रतिस्पर्धी एसएनके कंपनीत गेले. (जॉब बदलून समोरच्याकडे जाणं ही काही आपल्या हिंजवडीची मक्तेदारी नाही!) मागे राहिलेल्यांनी १९८९ मध्ये 'फायनल फाइट' नावाचा रस्त्यावरच्या मारामारीचा गेम काढला. त्याचं आधीचं नाव 'स्ट्रीट फायटर ८९' होतं, पण नात्यापुरतंच. तो तुफान चालला, आणि त्याच मंडळींच्या हाती खऱ्या दुसऱ्या भागाचं काम आलं. प्रमुख योशिकी ओकामोतो, नियम आखणारे अकिरा निशितानी, पात्रं रेखाटणारे अकिरा यासुदा. बहुतेक संगीत योको शिमोमुरा यांचं, तेव्हा त्या जेमतेम विशीत होत्या.

१९९१ च्या सुरुवातीला 'स्ट्रीट फायटर टू' पार्लरमध्ये आला. रचना अगदी सोपी. बाजूने दिसणारे दोन गडी, वर दोन पट्ट्या, ज्याची पट्टी आधी संपली तो हरला. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या. पण निवडायला आठ पात्रं होती, आणि प्रत्येक पात्र म्हणजे एक वेगळं गणित. र्‍यू आणि केनचा गोळा सोडायचा तर स्टिक खालून पुढे पाव वर्तुळ फिरवायची आणि ठोसा मारायचा. गाईलला आधी मागे दाबून थोडा वेळ दम धरावा लागतो, मग झटकन पुढे. पैलवान झँगिफची सगळ्यात जबरी पकड हवी तर स्टिक पूर्ण गोल फिरवा, तीही समोरचा तुम्हाला बडवत असताना! गाईल खेळणारा माणूस आपोआप सबुरीचा होतो आणि झँगिफ खेळणारा आपोआप जुगारी. म्हणजे पात्र तुम्ही निवडता खरं, पण थोड्या वेळाने तेच तुम्हाला वळण लावतं.

या आठांत एक आपला माणूसही आहे, धालसिम. योगी. हातपाय रबरासारखे लांब होतात, तोंडातून आग निघते, गळ्यात कवट्यांची माळ, मागे महालात हत्ती. ओसाकात बसून भारताबद्दल जे काही ऐकलं असेल ते सगळं एकाच माणसावर लादलंय! हसू येतं, थोडा रागही येतो. पण खेळ म्हणून बघाल तर धालसिम ही जबरदस्त कल्पना आहे. बाकी सगळे जवळ जाऊन भांडतात. हा एकटा अर्ध्या पडद्यावरून ठोसा मारतो, त्यामुळे त्याच्याशी लढताना अंतराचा सगळा हिशेब नव्याने शिकावा लागतो. कवट्या काढून टाकल्या तरी धालसिम धालसिमच राहील. ते लांब हात काढले तर मात्र काहीच उरत नाही. हा फरकही लक्षात ठेवा.

आता गंमत. या गेमची जी सगळ्यात मोठी देणगी मानतात, ती कुणी ठरवून दिलेलीच नव्हती. पहिल्या भागात करामती फार अवघड होत्या, म्हणून या वेळी वेळेची थोडी सूट ठेवली. बटण किंचित आधी दाबलं गेलं तरी करामत निघावी. त्या सुटीतून एक फट राहिली. साधा ठोसा लागल्यालागल्या तो अर्ध्यावर तोडून थेट करामत सुरू करता येऊ लागली, आणि समोरचा सावरायच्या आत दुसरा मार बसू लागला. मोटार फोडायच्या बोनस फेरीत असे जादा फटके बसतायत हे नोरिताका फुनामिझु यांच्या लक्षात आलं, असं त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितलंय. त्यांना वाटलं, हे इतकं अवघड आहे की कुणाला जमणार नाही. राहू दे. आणि ते राहिलं! पोरांनी आठवड्याभरात नाही तरी महिन्या-दोन महिन्यांत ते शोधून काढलंच. त्यालाच आज सगळं जग 'कॉम्बो' म्हणतं. आपल्याकडे 'बग नाही, फीचर आहे' हा विनोद आहे. इथे ते अक्षरशः घडलं.

दुसरा किस्सा तर प्रत्येक टेस्टरने फ्रेम करून लावावा असा. गेमच्या शीर्षकात 'द वर्ल्ड वॉरियर' ही ओळ आहे. काम संपत आल्यावर यासुदांच्या लक्षात आलं की 'वॉरियर'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'ओ'च्या जागी 'ई' पडलाय. चित्रांच्या चिप्सचा ऐवज तोवर पक्का होऊन गेलेला, तिथे आता बदल अशक्य. बदलता येणार होता फक्त प्रोग्रॅम. मग काय, आधीपासून चिपमध्ये असलेले चित्रांचे बारीक तुकडे शोधले आणि चुकीच्या अक्षरावर ठिगळासारखे चिकटवले. त्यातला एक तुकडा म्हणे गाईलच्या पोटरीच्या चित्रातला! रिलीजच्या आदल्या रात्रीचा हॉटफिक्स, १९९१ आवृत्ती.

तर असा हा गेम. पार्लरमध्ये एक नाणं टाकलं की शेजारी अनोळखी माणूस येऊन उभा राहायचा आणि त्याला हरवेपर्यंत जागा सोडायची नाही, हा त्याचा खरा नाद. आणि हेच कंपनीला घरी न्यायचं होतं.

घरचं यंत्र कसं होतं? सुपर फॅमिकॉम जपानमध्ये १९९० च्या नोव्हेंबरात आलं (अमेरिकेत १९९१ मध्ये, सुपर निन्टेन्डो या नावाने). त्याचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झवर चालतो. पार्लरच्या यंत्रात १० मेगाहर्ट्झचा ६८००० प्रोसेसर, आणि आवाजासाठी वेगळा झेड-८०. पार्लरच्या पडद्यावर आडवे ३८४ पिक्सेल, घरी २५६. म्हणजे बरोबर दोन तृतीयांश. पण खरी गोम याहून खोलात आहे.

पार्लरच्या यंत्रात चित्र काढणाऱ्या चिप्स थेट रॉममधून चित्र उचलतात. र्‍यूची शंभर रूपं असोत की हजार, हवं ते हव्या त्या क्षणी समोर हजर. सुपर फॅमिकॉममध्ये तसं नाही. तिथे चित्र आधी कार्ट्रिजमधून ६४ किलोबाइटच्या व्हिडिओ मेमरीत आणावं लागतं, मगच पडद्यावर दिसतं. त्यातही हलणाऱ्या आकृत्यांना एका वेळी १६ किलोबाइटच मिळतात. दोन धिप्पाड गडी, त्यांचे गोळे, सगळं त्या १६ मध्ये. साहजिकच दोघांची सगळी रूपं एकदम आत ठेवता येत नाहीत. गडी हलला की नवीन रूप आत आणा, जुनं पुसा.

बरं, आणायचं तरी कधी? टीव्ही चित्र रेखत असताना त्या मेमरीला हात लावता येत नाही. एक चौकट रेखून झाली की पुढची सुरू होण्याआधी जी इवलीशी उसंत मिळते, तेवढ्यातच. आणि असं सेकंदाला सुमारे ६० वेळा. एका उसंतीत साधारण ६ किलोबाइट माल हलवता येतो. लोकल दादरला थांबते तेवढ्या वेळात चढणं-उतरणं उरकायचं, तसंच हे. उशीर झाला तर गाडी थांबत नाही, चित्र फाटतं.

यावरचा उपाय आजही गेम चालू केला की डोळ्यांना दिसतो. पडद्याच्या वर आणि खाली काळ्या पट्ट्या आहेत. बघणाऱ्याला वाटतं, चित्र जरा आखूड काढलंय. पण ती पट्टी म्हणजे विकत घेतलेला वेळ आहे! जितक्या ओळी काळ्या ठेवाल, तितक्या ओळींच्या वेळात टीव्हीला काही दाखवायचं नाही, म्हणजे तेवढा वेळ माल हलवायला मोकळा. चित्राची थोडी उंची देऊन त्याबदली हालचाल वाचवली. मला विचाराल तर या गेममधला हा सगळ्यात सुंदर भाग आहे, आणि तो पूर्ण काळा आहे.

बाकी कात्री कुठे चालली? सुरुवातीची, उंच इमारतीसमोर दोघांची मारामारी दाखवणारी फीत गेली. पिंपं फोडायची बोनस फेरी गेली. हालचालींतली काही मधली रूपं गेली, मागच्या देखाव्यांतले बारकावे गेले. शिमोमुरांचं संगीत पार्लरमध्ये एफएम प्रकारच्या चिपवर वाजायचं. घरी ते आठ चॅनेलांत आणि ६४ किलोबाइटच्या आवाजाच्या मेमरीत आवाजाच्या नमुन्यांवर नव्याने बसवलं. किंकाळ्या, ठोसे, वाद्यं, सगळं त्यातच. सूर तेच, बाज वेगळा.

आणि काय ठेवलं? आठही गडी ठेवले. शेवटचे चारही बलदंड शत्रू ठेवले. दोन खेळाडूंची लढत ठेवली. गोळ्याचं पाव वर्तुळ, गाईलचा दम, झँगिफची गोल स्टिक, उडीची उंची, ठोसा लागल्यावरचा क्षणाचा थबका, हे सगळं शक्य तितकं जसंच्या तसं. आणि हो, तो चुकून राहिलेला कॉम्बोसुद्धा! नशिबाने एक साथ दिली. सुपर फॅमिकॉमच्या कंट्रोलरवर समोर चार आणि खांद्यावर दोन अशी बरोबर सहा बटणं होती.

थोडक्यात काय, तर डोळ्याला दिसणारं जे होतं त्यातलं पुष्कळ सोडलं. हाताला आठवणारं जे होतं ते सोडलं नाही.

यात विशेष काय, असं वाटत असेल तर त्याच कंपनीचं, त्याच कन्सोलवरचं आधीचं काम बघा. 'फायनल फाइट' १९९० च्या शेवटी सुपर फॅमिकॉमवर आला होता. चित्रं मोठी, ऐटबाज, थेट पार्लरसारखी. पण तीन नायकांपैकी गाय नावाचा नायक गायब, एक अख्खा टप्पा गायब, आणि कहर म्हणजे दोघांनी मिळून खेळायची सोयच गायब! मित्राच्या खांद्याला खांदा लावून गुंड बडवायचे, हाच ज्याचा जीव, तो गेम एकट्याने खेळायचा. फोटो हुबेहूब, पण माणूस घरी नाही. पुढे १९९२ मध्ये कंपनीने 'फायनल फाइट गाय' काढला, तर त्यात गायला आत घेतलं आणि कोडीला बाहेर काढलं. असो.

'स्ट्रीट फायटर टू' १० जून १९९२ रोजी जपानमध्ये सुपर फॅमिकॉमवर आला, त्याच वर्षी अमेरिकेत आणि युरोपात. जगभरात ६३ लाख प्रती खपल्या. कॅपकॉमचा सगळ्यात जास्त खपलेला गेम हा मान त्याच्याकडे जवळपास वीस वर्षं राहिला. पिंपांची फेरी कुठे गेली म्हणून कुणी पैसे परत मागितल्याचं माझ्या तरी वाचनात नाही!

हात आणि डोळा यांतला हा फरक पडताळून बघायचा तर आणखी तीन उदाहरणं आहेत.

पहिलं युरोपचं. तिथले टीव्ही सेकंदाला ६० नाही, ५० चौकटी दाखवायचे. गेम तोच, चित्रं तीच, पण सगळं सहाव्या हिश्श्याने हळू, आणि काळ्या पट्ट्या आणखी जाड. चित्र शाबूत, वेळ बिघडलेला. म्हणून तिकडचे दर्दी लोक जपानी किंवा अमेरिकन कन्सोल मागवून खेळायचे.

दुसरं सेगाचं. त्यांच्या मेगा ड्राइव्हवर १९९३ मध्ये हा खेळ आला, तोही २४ मेगाबिटांच्या ऐसपैस कार्ट्रिजमध्ये. पण मेगा ड्राइव्हच्या मूळ कंट्रोलरला बटणं तीनच. ठोशांवरून लाथांवर जायचं तर स्टार्ट दाबायचं! शेवटी सेगाला सहा बटणांचा नवा कंट्रोलर काढावा लागला. मेमरी कितीही द्या हो, बोटांना बटण नसेल तर काय उपयोग?

तिसरं उदाहरण आपलं, घरचं. सुपर निन्टेन्डो आपल्याकडे फारसा दिसलाच नाही. आपल्या घरांत होते ते ८-बिटचे 'टीव्ही गेम', निन्टेन्डोच्या जुन्या फॅमिकॉमच्या नकला. त्यावर 'स्ट्रीट फायटर'च्या नावाने बिनपरवाना कार्ट्रिजं मिळायची. वरचं चित्र झकास. आत कामाची बटणं दोन, गडी मोजके, आणि दोघं जवळ आले की आकृत्या लुकलुकायच्या. चेहरा आणलेला, हात तिकडेच राहिलेला. तरी सुट्टीत आम्ही भावंडांनी ते तासन्‌तास खेळलंय, ते नाकारत नाही. पण तिथे जिंकायला बटण बडवणं पुरायचं. समोरच्याचं मन वाचायची गरज पडायची नाही.

हे सगळं मला आज का लिहावंसं वाटलं? आमच्या एका क्लायंटची जुनी सिस्टिम नवीन वेब ॲप्लिकेशनवर न्यायचं काम काही काळ चाललं होतं. मागणी नेहमीचीच, 'सेम टू सेम पाहिजे.' त्यांच्या मॅनेजर मंडळींनी स्क्रीनशॉट काढून दिले. लोगोचा रंग, कोपऱ्यातली तारीख, रिपोर्टची चौकट, सगळं तंतोतंत तपासून घेतलं. गो-लाइव्हच्या दिवशी काउंटरवरच्या एका मावशींनी दोन मिनिटं वापरून बघितलं आणि म्हणाल्या, "माझा हात थांबतोय." जुन्या काळ्या पडद्यावर त्या माउसला हात न लावता, कीबोर्डकडे न बघता, समोरच्या माणसाशी बोलत बोलत नोंद करायच्या. वीस वर्षांत बोटांना वाट पाठ झालेली. ती वाट एकाही स्क्रीनशॉटमध्ये आली नव्हती, कारण ती दिसतच नाही. मावशींच्या समोरची रांग त्या दिवशी दाराबाहेर गेली. मॅनेजर साहेबांच्या यादीत मात्र सगळ्या बाबींपुढे टिकमार्क!

कॅपकॉमच्या त्या चमूचं मोठेपण मला इथे दिसतं. त्यांच्याकडेही कुणीतरी यादी केलीच असणार. पिंपं, शीर्षकाची फीत, पडद्याची उंची, सगळं 'महत्त्वाचं' होतंच. पण जागा एक तृतीयांश असताना त्यांनी खेळणाऱ्याच्या बाजूला बसून विचार केला, की या माणसाच्या हाताला काय पाठ झालंय? पार्लरमध्ये महिनोन्‌महिने नाणी घालून त्याने जे कमावलं, ते घरी आल्यावर चाललं पाहिजे. चाललं नाही तर त्याची मेहनत आपण फुकट घालवली.

आणि ते चाललं, म्हणूनच पुढचं घडलं. घरी सराव करून लोक पार्लरमध्ये जाऊ लागले. कॅपकॉमचा लोगो दिसत असताना कंट्रोलरवर खाली, आर, वर, एल, वाय, बी असं दाबलं की दोघांनाही एकच पात्र घेता येतं, हे गुपित शाळाशाळांत पसरलं. पार्लरच्या पहिल्या आवृत्तीत तशी सोयच नव्हती! १९९३ मध्ये वेग वाढवलेला 'टर्बो' २० मेगाबिटांत आला, १९९४ मध्ये 'सुपर' ३२ मेगाबिटांत. जागा वाढत गेली तशा कापलेल्या गोष्टी हळूहळू परत आल्या. खप मात्र प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सनीवेलच्या एका पार्लरमध्ये चाळीसेक खेळाडू 'बॅटल बाय द बे' नावाच्या स्पर्धेसाठी जमले. त्याच स्पर्धेची आज 'इव्हो' झाली आहे आणि जगभरातून हजारो लोक तिथे खेळायला येतात. (सनीवेल! आपल्यापैकी कितीतरी जण ऑनसाइटला जिथे इडली शोधत फिरतात, तेच गाव.)

पुढच्या आठवड्यात कुणी तुमच्यासमोर 'सेम टू सेम'ची यादी ठेवली, तर स्क्रीनशॉट जरूर घ्या. पण त्याआधी अर्धा तास त्या सिस्टिमवर रोज काम करणाऱ्या माणसाच्या मागे खुर्ची टाकून बसा, आणि पडद्याकडे नाही, त्याच्या बोटांकडे बघा. वेळ नाही म्हणता? मग कुठेतरी एक काळी पट्टी टाका आणि वेळ विकत घ्या.

चला, आता मी जरा झँगिफची गोल स्टिक जमते का ते बघतो. सोमवार यायला अजून दीड दिवस आहे!